साडूचं सातवं बदक

माझा साडू प्रोग्रॅमर आहे. म्हणजे दिवसभर संगणकापुढे बसून तो कपाळाला हात लावतो आणि महिनाअखेरीला त्याबद्दल त्याला पगार मिळतो. साडू हे नातं मोठं मजेचं. भाऊ म्हटला की वाटण्या आल्या, मेव्हणा म्हटला की मानपान आला. पण साडू म्हणजे एकाच सासूबाईंच्या परीक्षेला बसलेला दुसरा परीक्षार्थी. मी थोरला जावई, त्यामुळे आधी बसलो आणि काठावर पास झालो. तो धाकटा. लग्नाला वीसेक वर्षं झाली तरी त्याचा निकाल राखून ठेवलेला होता.

घरात त्याला सगळे वजाबाकी म्हणतात. हे नाव सासूबाईंनीच ठेवलं. नव्या नवलाईच्या दिवसांत त्यांनी एकदा कौतुकानं विचारलं, "जावईबापू, आज कामावर काय काय केलंत?"

"आज फार छान दिवस गेला, आई. दोन हजार ओळी उडवल्या."

"उडवल्या? आणि लिहिल्या किती?"

"एकही नाही!" साडूचा चेहरा आनंदानं फुलला होता.

सासूबाईंनी उभा जन्म इस्पितळातल्या नर्सबाईंचे गणवेश शिवले. दिवसभर टाके उसवून संध्याकाळी 'छान दिवस गेला' म्हणणारा शिंपी त्यांच्या पाहण्यात नव्हता. "बरं, बरं," एवढंच त्या म्हणाल्या, आणि धाकट्या लेकीला स्वयंपाकघरात नेऊन हळूच विचारलं, "ह्यांना कामावरून काढणार तर नाहीत ना गं?"

काढलं नाही. उलट बढती मिळाली. साडूचं तत्त्वच असं, की प्रोग्रॅम चांगला करायचा म्हणजे त्यातलं काहीतरी कमी करायचं. वेडेवाकडे फुटलेले धुमारे छाटायचे, गुंता काढायचा, आणि शेवटी उरेल तेवढंच ठेवायचं.

मतं मात्र त्याच्याकडे बेरजेनं आहेत. रविवारी सकाळी मी रस्ता ओलांडून त्याच्याकडे कॉफीला जातो. मी समोरच्याच इमारतीत राहतो. थोरला जावई नजरेच्या टप्प्यात असावा अशी सासूबाईंची इच्छा. त्या स्वतः राहतात धाकट्या लेकीकडे, मागच्या खोलीत. साडू पुढच्या खोलीत दोन पडद्यांसमोर बसलेला असतो. पडदे काळेकुट्ट, त्यांवर हिरवी-पिवळी अक्षरं, आणि पुढ्यात तो कीबोर्ड, ज्याचं बटण दाबलं की पत्र्यावर गार पडल्यासारखा आवाज होतो. असा आवाज करणारा कीबोर्ड साध्या कीबोर्डापेक्षा महाग मिळतो हे कळल्यावर माझ्या मेव्हणीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, आधी पोटभर हसून घेतलं आणि मग त्या खोलीचं दार लावून घेतलं. ते तिनं पुढे कित्येक वर्षं उघडलं नाही.

एकदा मी कुरकुर केली, "अरे, माझ्या फोननं आपणहून अपडेट घेतलं. आता फोन लावायचं बटणच सापडेना."

"अपडेट म्हणजे काय सांगू का, दादा? तुम्ही कामावर गेलात की एक अनोळखी माणूस घरात शिरतो, सगळं फर्निचर हलवतो, आणि जाताना चिठ्ठी ठेवतो, 'आता तुम्हाला जास्त आनंद होईल.'"

"मग तुम्ही लोक असं करता कशाला?"

"फर्निचर हलवायला पगारी माणसं ठेवलीत. ती नुसती बसून राहिली तर साहेबाला झोप लागेल का?"

प्रिंटरबद्दल त्याचं म्हणणं, की ते यंत्रच नाही, तो एक स्वभाव आहे. त्याला दुरुस्त करत नाहीत, त्याची समजूत काढतात. संगणकावरच्या नव्या खेळांचं नाव काढलं तर बघायलाच नको. "घोड्याच्या शेपटीचा केस न् केस वेगळा हलतो, दादा! आणि तोच घोडा दोन पायऱ्या आल्या की भिंतीला नाक लावून उभा. केस मोजायला खंडीभर माणसं, पायरी बघायला कोणी नाही." खेळ सुरू व्हायच्या आधी अर्धा तास कथा ऐकवणाऱ्या खेळांवर त्याचा खास राग. "खेळायला बोलावलंय की व्याख्यानाला?"

त्याच्या ऑफिसातली माणसं टेबलावर प्लॅस्टिकच्या बाहुल्या मांडतात. योद्धे, राक्षस, अंतराळातले प्रवासी. सगळे बंद खोक्यात. खोकं उघडलं की म्हणे किंमत पडते. "मग ती बाहुली कसली?" साडू म्हणतो. "ती मुदतठेव झाली!" तिथे लोक विनोद छापलेले टीशर्टही घालतात. तो विनोद फक्त घालणाऱ्याला कळतो, आणि तोही समजावून सांगायला लागला की जेवणाची सुट्टी संपते. साडूकडेही असा एक टीशर्ट आहे. मी त्याला अर्थ विचारला होता. ती माझी चूक झाली.

"आता म्हणे यंत्रंच प्रोग्रॅम लिहिणार," मी मध्यंतरी त्याला जरा डिवचलं.

"लिहू देत की. पुसायला मीच लागणार."

ह्या सगळ्या मतांच्या मुळाशी एकच गोष्ट होती: चूक दिसली की तिथल्या तिथे ठेचायची. माहीत असलेली चूक तशीच ठेवणं म्हणजे बुटात खडा ठेवून चालणं. त्यांच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये दार उघडायचं आणि लावायचं बटण उलटसुलट बसलं होतं, म्हणून ह्यानं लिफ्टवाल्यांना आकृती काढून पत्र पाठवलं. ते दुरुस्त झालं, आणि उलट्या बटणांना सरावलेली अख्खी इमारत महिनाभर एकमेकांच्या नाकावर दारं लावत होती.

मात्र जगातल्या एका सॉफ्टवेअरबद्दल तो कधी अवाक्षर काढत नसे. ते त्याचं स्वतःचंच होतं, आणि ते त्यानं केलं होतं सासूबाईंसाठी.

झालं होतं असं. लग्न ठरलं तेव्हा भावी सासूबाईंवर छाप पाडावी असं त्याच्या मनात आलं. दुसऱ्या कोणी मिठाईचा पुडा नेला असता. ह्यानं एक जुना संगणक आणि त्यात घातलेला, स्वतः लिहिलेला खेळ नेला. तळ्याकाठी सात बदकं. बाणांची बटणं दाबून त्यांना हाकायचं, कुंपणाच्या फाटकातून खुराड्यात न्यायचं, सूर्य मावळायच्या आत. संपला खेळ. सासूबाईंनी तोवर संगणकाला हात लावला नव्हता. पण हात शिवणयंत्रावर घडलेला. कापड सुईखाली सरकवावं तशी त्या बदकं सरकवू लागल्या. तेव्हापासून रोज संध्याकाळी मागच्या खोलीत शिवणयंत्राचा आवाज थांबला की बदकांचा सुरू व्हायचा.

आणि बदकं सुरू झाली की साडू खोलीतून नाहीसा व्हायचा. वीस वर्षांत एकदाही तो त्यांच्या मागे उभा राहिला नाही. मेव्हणी म्हणायची, विनय आहे. माझी बायको म्हणायची, शिष्टपणा आहे. खरं कारण त्यानं एकदा मला एकट्याला सांगितलं.

"लग्नाच्या धुंदीत लिहिलेलं कोड आहे ते, दादा. आत उकिरडा आहे नुसता. मला बघवत नाही. तुम्ही कॉलेजात लिहिलेल्या प्रेमकविता कोणी रोज संध्याकाळी शेजारच्या खोलीत मोठ्यानं वाचल्या तर?"

मी लगेच विषय बदलला.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना सासूबाई जिन्यात घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. हाड नीट जुळून आलं. पण प्लास्टर काढलं तेव्हा बोटं लाकडासारखी झाली होती. सुई चिमटीत धरायला गेल्या की सुई खाली. पुन्हा उचलायची, पुन्हा खाली. ज्या हातानं साऱ्या इस्पितळाला कपडे चढवले, त्या हाताला स्वतःच्या झग्याचं बटण लावता येईना.

व्यायाम शिकवायला एक बाई येऊ लागल्या. त्यांनी स्पष्टच सांगितलं, "आजी, आत्ता बोटं हलवली तर हलतील. आळस केलात तर अशीच राहतील." आणि त्यांनी दाबायला एक रबरी चेंडू दिला.

"मी काय कुत्रं आहे, चेंडू घेऊन बसायला?" सासूबाईंनी चेंडू कपाटाखाली घरंगळू दिला. "माझी बदकं लावून द्या. बदकं हाकता हाकता हात सुटेल."

व्यायामाच्या बाईंनी बाणांची बटणं पाहिली, कोणतं बोट कुठे पडतं ते पाहिलं, आणि म्हणाल्या, "मग तर सोन्याहून पिवळं! रोज तासभर खेळा."

मेव्हणीनं लगबगीनं जुन्या संगणकाचं बटण दाबलं. काही झालं नाही. प्लास्टरच्या दिवसांत त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं. तेवढ्यात तो कोणालाही त्रास न देता, अतिशय सभ्यपणे वारला होता.

साडूनं आपल्याकडचा एक नवा संगणक मागच्या खोलीत नेला आणि जुना खेळ त्यावर चढवला. नवं यंत्र इतकं वेगवान, की बदकं बंदुकीच्या गोळीसारखी सुटली आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत सूर्य मावळला. सासूबाई म्हणाल्या, "ह्यांना कोणी चावलं का?" वेग कमी करायची युक्ती साडूला नक्कीच येत होती. पण त्याच्या डोळ्यांत वेगळीच चमक दिसली. वीस वर्षं ज्या कोडची लाज वाटत होती ते कायमचं गाडून टाकायची अशी संधी पुन्हा कुठली?

"आई, थोडे दिवस द्या. नवीन, स्वच्छ, नीट लिहून देतो."

ऑफिसातून आला की तो बसायचा आणि गारपीट सुरू व्हायची. एका रविवारी सकाळी आम्हा सगळ्यांना बोलावणं आलं. मागच्या खोलीत शिवणयंत्राशेजारी नवा पडदा. तळ्याचं पाणी चमचमत होतं. बदकांना सावल्या होत्या, आणि त्या सूर्याबरोबर लांबत होत्या. सासूबाईंनी ताठर बोटानं बटण दाबलं. सातही बदकं वळली, रांगेत लागली, आणि शाळेची मुलं प्रार्थनेहून वर्गात जावी तशी फाटकातून खुराड्यात गेली.

"एकही चूक नाही," साडू माझ्या कानाशी म्हणाला.

सासूबाई आणखी एकदा खेळल्या. मग हात मांडीवर घेतला. "छान आहे हो," त्या म्हणाल्या. लांबच्या नातेवाइकानं आणलेल्या फुलदाणीला म्हणतात, त्या सुरात.

"अजून खेळा ना, आई," मेव्हणी म्हणाली. "बोटं कुठे हलली?"

"काय खेळायचं त्यात? बोट दाखवलं की जातात. ही माझी बदकं नव्हेत. ही कुणाची तरी शहाणी बदकं आहेत." मग पडद्याजवळ वाकून म्हणाल्या, "नकटी कुठाय?"

"कोण नकटी?" साडूनं विचारलं.

माझी बायको, मेव्हणी आणि मी, तिघंही त्याच्याकडे बघत राहिलो. नकटी घरात कोणाला माहीत नव्हती? शेवटचं, सातवं बदक. त्याला चोच नव्हती, म्हणून नकटी. सासूबाईंच्या लेखी ती बाईमाणूस. बाकीची सहा फाटकाकडे निघाली की ही भलतीकडे. हाकावी तर उलटी फिरायची, कुंपणाला अंग घासत बसायची. आणि मग कधीतरी सासूबाई बटणांवरून हात उचलून गप्प बसल्या की ही हळूहळू, फाटकाकडे न बघता, सरळ कुंपणातूनच आत सरकायची. "नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं!" हे वाक्य रोज संध्याकाळी त्या खोलीतून यायचं. माझ्या मुलीनं अभ्यास टाळला तेव्हा सासूबाईंनी माझ्या बायकोला सांगितलं होतं, "नकटीच्या जातीची आहे ती. मागे लागू नकोस, आपण होऊन येईल." मुलगी आली. आमच्या घरातलं मुलांचं संगोपन एका बदकाच्या अनुभवावर झालेलं होतं, आणि त्या बदकाच्या जन्मदात्याला त्याचा पत्ता नव्हता!

"असं बदक मी केलेलंच नाही," साडू म्हणाला.

"मग काय ती शेजाऱ्यांकडून आली?" मेव्हणी म्हणाली.

आठवडाभर पुन्हा गारा पडल्या. साडूनं पुढच्या रविवारी नवी नकटी आणली. बिनचोचीची. आणि तिच्यासाठी त्यानं खास यंत्रणा लिहिली होती. तिचा आळस किती, तिचा रुसवा किती, कितव्या हाकेला ऐकायचं, कितव्या हाकेला पाठ फिरवायची, सगळ्याचा हिशेब. "ओळी वाढल्या खऱ्या," तो ओशाळून म्हणाला, "पण काय करणार, स्वभाव आहे."

सासूबाई खेळल्या. नकटी अडली. नकटीनं मान फिरवली. नकटी कुंपणाशी थबकली आणि बरोब्बर वेळेला आत गेली.

"नाही," सासूबाई म्हणाल्या.

"का? अडली की ती!"

"अडली. पण ही मुद्दाम अडते हो. नाटकी आहे. माझी नकटी मुद्दाम काही करत नव्हती." त्यांनी उजव्या हाताची बोटं डाव्या हातानं चोळली. "राहू द्या, जावईबापू. फार केलंत. द्या तो चेंडू काढून कपाटाखालचा."

त्यांनी चेंडू मागितला तेव्हा आम्ही सगळेच हबकलो. सासूबाईंनी हार मानलेली आम्ही कधी पाहिलेली नव्हती. साडू कपाटाखाली वाकला, चेंडू काढला, पुसून त्यांच्या हातात दिला, आणि मला म्हणाला, "दादा, जरा माझ्याबरोबर बसता का? एकट्यानं उघडायचा धीर होत नाही."

पुढच्या खोलीत त्यानं जुनं कोड उघडलं. भुताचं चित्र बघावं तसं तो बोटांच्या फटीतून बघत होता. "बघा, बघा! ह्याला 'क' नाव दिलंय. ह्याला 'कक'. आणि हे 'ककक'! असं लिहिणाऱ्याला मी आज दारात उभं केलं नसतं."

"आणि हे काय रे?" मी बोट ठेवलं. बदकं मोजायच्या जागी एक ओळखीचं नाव होतं. माझ्या मेव्हणीचं घरातलं लाडकं नाव. ते मी इथे लिहिलं तर मला पुन्हा रस्ता ओलांडता येणार नाही.

नेमकी तेव्हाच ती कॉफी घेऊन आली. इतक्या वर्षांनी तिनं ते दार उघडलं आणि समोर स्वतःचं नाव. "माझ्या नावानं बदकं मोजलीत?"

"लग्नाआधी," साडू पुटपुटला.

"अस्सं. आणि लग्नानंतर ओळी उडवायला लागलात." पण ती कॉफी ठेवून गेली नाही. खुर्चीच्या पाठीला टेकून उभी राहिली.

साडू वाचत गेला. वाचता वाचता बोटांची फट मोठी झाली. मग त्यानं डोळ्यांवरचा हात काढलाच.

"दादा," तो म्हणाला, "हे बघा. इथे प्रत्येक बदकाला चोच काढायची. इथेच, फाटकाकडे चल, असा हुकूम द्यायचा. आणि इथेच सांगायचं की कुंपण आलं की थांब. तिन्ही गोष्टी एकाच फेऱ्यात. एकेक बदक घ्यायचं, तिन्ही करायच्या, पुढचं बदक."

"बरं."

"आणि तो फेरा मी सहावर थांबवलाय. बदकं सात, मोजली सहा. अगदी नवशिक्या पोराची चूक!" त्यानं खरोखर कपाळाला हात लावला. "सातव्याला चोच मिळाली नाही, कारण त्याची पाळीच आली नाही. कुंपणाचं त्याला कोणी सांगितलं नाही, म्हणून ते आरपार जातं. आणि हुकूम..."

"हुकूम काय?"

"हुकूमही नाही. तिला कधीच कुणी काही सांगितलेलं नाही, दादा. आई वीस वर्षं बटणं दाबताहेत, ती तिच्यापर्यंत पोचतच नव्हती."

"मग ती आत कशी यायची?" मेव्हणीनं विचारलं.

साडूनं पडद्यावर खाली सरकून एक ओळ शोधली. "ही वेगळी आहे. ही सातही बदकांना लागू. 'आपल्या माणसांच्या जवळ सरक.' बदकं विखरून दिसू नयेत म्हणून घातली होती. बाकीची धावत असली की ती ह्याच्यामागे जाऊ की त्याच्यामागे, अशी गोंधळते. सगळी आत जाऊन बसली, आणि आईंनी हात उचलला, की ती आपली हळूहळू त्यांच्याकडे सरकते." मग त्यानं ती ओळ पुन्हा एकदा वाचली. शेवटी म्हणाला, "बाकीची सहा सांगितलं म्हणून आत जातात. ही एकटीच आपण होऊन येते."

मेव्हणीनं पदरानं चष्मा पुसला. धूळ असावी.

आता खरी पंचाईत झाली. नवा प्रोग्रॅम उघडून साडू बोटं बटणांवर ठेवून बसला. बसला तो बसलाच. ज्या माणसानं लिफ्टवाल्यांना आकृत्या धाडल्या, त्यानं स्वतःच्या हातानं, डोळ्यांदेखत, ढळढळीत चूक घालायची!

"दादा, हात धजावत नाही हो."

"अरे, तुझ्याच धर्मातलं तर आहे," मी म्हटलं. "सातातून एक वजा कर. एवढी लहान वजाबाकी जन्मात केली नसशील."

तो असा खदखदून हसला की मागच्या खोलीतून सासूबाईंनी विचारलं, "काय झालं रे तिकडे?" आधी त्यानं नकटीचा आळस, रुसवा, नखरे, सगळी यंत्रणा एका दमात उडवली, ते करताना त्याचा चेहरा मिठाई खाणाऱ्या मुलासारखा झाला होता. मग 'आपल्या माणसांच्या जवळ सरक' ही ओळ जशीच्या तशी जुन्यातून आणून बसवली. आणि शेवटी एक बटण दाबून सात पुसलं, दुसरं दाबून सहा लिहिलं.

आम्ही वरात घेऊन मागच्या खोलीत गेलो. खेळ सुरू झाला तसा साडू सवयीनं दाराकडे वळला. मी त्याची कॉलर धरली. "आज नाही. आज बघायचं."

सासूबाईंनी चेंडू बाजूला ठेवला आणि फारशी आशा न धरता बटण दाबलं. सहा बदकं वळली. सातवं, बिनचोचीचं, तळ्याकडे निघालं.

सासूबाई ताठ बसल्या.

"अगं! अगं भवाने, तिकडे कुठे?" बोट बाणावर आपटलं. "फीर! फीर म्हणते ना! बघा, बघा, ऐकेल तर शपथ! बाकीची किती शहाण्यासारखी निघालीत, आणि ही बया... आता कुंपणाला जाऊन चिकटली! नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं!"

उजव्या हाताची चारी बोटं बाणांवर पडत होती. जड पडत होती, अडखळत पडत होती, पण पडत होती. अंगठासुद्धा रागानं हलला. मेव्हणीनं माझ्या बायकोचा हात घट्ट धरला. सूर्य टेकायला आला. सहा बदकं खुराड्यात बसली. आणि सासूबाईंनी दोन्ही हात उचलले.

नकटी थोडी थरथरली. मग कोणाला काही न दाखवता, फाटकाला वळसा न घालता, सरळ कुंपणातून आत गेली आणि बाकीच्यांना चिकटून बसली.

"आली गं बाई!" सासूबाईंनी टाळी वाजवली. दुखलं असणार. पण वाजली.

साडू त्यांच्या खुर्चीशी वाकला. "आई, एक सांगू का? तिला आत ये म्हणून कोणीच सांगितलेलं नाही. आतसुद्धा कुठे लिहिलेलं नाही. ती आपली आपण येते."

सासूबाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "हे तुम्ही मला सांगताय, जावईबापू? मी तिला वीस वर्षं ओळखते. तुमची आज गाठ पडली."

त्यानंतर साडूची संध्याकाळ मागच्या खोलीत जाऊ लागली. ऑफिसातल्या सहकाऱ्यांनाही त्यानं मोठ्या हौसेनं खेळ पाठवला. तिथल्या एका हुशार मुलीनं कोड उघडून तत्काळ दुरुस्ती धाडली: सर, तुमचा फेरा एकानं कमी पडतोय, सहाचं सात केलंय. साडूनं तिचे आभार मानले, सातचं पुन्हा सहा केलं, आणि त्या ओळीच्या डोक्यावर लिहून ठेवलं: 'इथे सहाच. सात करायचं असल्यास आधी सासूबाईंची परवानगी आणावी.' आता त्या ऑफिसात अर्धे लोक नकटीच्या नादी लागलेत, आणि उरलेले अर्धे चूक दुरुस्त करायला बघतात. त्यावरून जेवणाच्या सुट्टीत भांडणं होतात म्हणे.

बोटं दिवसेंदिवस सैल होत गेली. व्यायामाच्या बाईंनी येणं थांबवलं; शेवटचे काही दिवस त्या स्वतःच नकटी हाकायला येत होत्या, असा आमचा संशय आहे. चेंडू इमारतीतल्या खऱ्याखुऱ्या कुत्र्याला दिला.

आणि मग गेल्या रविवारी मी कॉफीला गेलो तेव्हा मागच्या खोलीत शिवणयंत्र चालू होतं. सासूबाईंनी हात बरा झाल्यावर शिवलेली ही पहिली वस्तू. गणवेशाच्या उरलेल्या पांढऱ्या कापडाची, आत कापूस भरलेली, कडेला निळी गोट लावलेली. साडूच्या कीबोर्डावर घालायची खोळ. टाके सरळ, आखल्यासारखे. पण बसवून पाहिली तर एका बाजूनं जराशी आखूड. डाव्या कोपऱ्यातलं पहिलं बटण बाहेर डोकावत राहिलं.

"अगंबाई, माप चुकलं," सासूबाई म्हणाल्या. "इकडे आणा, उसवून देते."

"हात लावायचा नाही!" साडूनं कीबोर्ड छातीशी धरला.

"अहो, चूक दिसतेय समोर."

"दिसू दे."

"आणि ठेवायची? तुम्ही?"

"अशीच ठेवायची. ह्याला कोणी हात लावला तर माझ्याशी गाठ आहे."

सासूबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग मान डोलावली, शिवणयंत्रावरची सुई अगदी अलगद, दोन बोटांच्या चिमटीत काढली, डबीत ठेवली, आणि शेजारची खुर्ची हातानं झटकली.

"बसा इथे. उजेड आहे तोवर बदकं आत घेऊ."

वीस वर्षांनी निकाल लागला होता. साडू बसला. मेव्हणी त्याच्या खुर्चीच्या पाठीला टेकली. पडद्यावर तळं चमकलं, सहा बदकं वळली, आणि सासूबाईंच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. मला कोणी बस म्हटलं नाही. कोणी तसं म्हणेल असंही दिसत नव्हतं. म्हणून मी कोपऱ्यातलं स्टूल घेतलं आणि आपला आपण, हळूहळू, त्यांच्या जवळ सरकलो.